ध्वनिमुद्रिकांची पारख

एकाच गवयाची एक मुद्रिका गोड वाटते व दुसरी खरखरते, एवढ्यावरून त्याच्या गाण्याचें मोल ठरविणें न्यायाचें नव्हे. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांचेंच उदाहरण घ्यावें. त्यांचें गाणें प्रथम १९०५ च्या सुमारास मुद्रित झालें. तेव्हां गायकास कर्ण्यासमोर जोरानें गावें लागे. त्या नादाच्या बळानेंच पडदा हाले व सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. अगदीं खोल व अगदीं सूक्ष्म नाद तींत उतरत नसत. तंबोऱ्याची आस बहुतेक लोपे. १९२५ पासून विजेच्या साहाय्यानें मुद्रण होऊं लागलें व हळुवार आवाजहि टिपला जाऊं लागला. खाँसाहेबांच्या १९३० नंतरच्या मुद्रिका अधिक जिवंत वाटतात, त्याचें एक कारण हें आहे.

मग तुलना कशी करावी? प्रथम गति पाहावी. जुन्या सर्वच तबकड्या मिनिटास ७८ फेऱ्यांनीं कोरलेल्या नाहींत. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ नें फिरविली, तर आवाज जवळजवळ अर्ध्या स्वरानें चढतो आणि शांत आलापहि घाईचा भासतो. दुसरी गोष्ट सुईची. झिजलेली पोलादी सुई लाखेची रेघ खरवडून टाकी. म्हणून जाणते लोक दर बाजूस नवी सुई लावीत. आज संगणकानें खरखर पुसतां येते. परंतु ती फार पुसली, तर तिच्याबरोबर आवाजाची धारहि जाते. यास्तव स्वच्छ केलेली प्रत अवश्य ऐकावी. मूळ तबकडी मात्र मोडींत घालूं नये. खरखरीआडचा स्वर ज्याच्या कानास ओळखतां आला, त्यासच पारख साधली.