'कट्' आवाज आला म्हणजे हाड बसलं का?

सबमिशन्स जवळ आली की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास वाढतात. एक म्हणजे चहा आणि दुसरी म्हणजे मान-पाठ धरलेल्यांची संख्या! मग प्रत्येकाकडे एक 'खात्रीचा' इलाज तयार असतो. कुणी म्हणतं, सलूनवाल्याकडे जा, एका झटक्यात मान मोकळी करून देतो. कुणी म्हणतं, आमच्या ओळखीचा एक हाडवैद्य आहे. आणि हल्ली एक नवीन नावही कानावर येतं, ऑस्टिओपॅथी. मी पडलो मेकॅनिकलवाला, तेव्हा डॉक्टरकीचा आव आणत नाही. पण सांधा, बल, वेग हे शब्द आमच्याही सिलॅबसमध्ये आहेत, म्हणून म्हटलं, हे प्रकरण नीट समजून घ्यावं.

खरं तर हातांनी इलाज करणं आपल्याला नवीन नाही. लालबागच्या चाळीत राहणारी माझी आजी उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घ्यायची. (मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. 'उसण'ला नेमका इंग्रजी शब्द मला अजून सापडलेला नाही!) तालमीतले वस्ताद पोरांचे मुरगळलेले हातपाय चोळून देत. गिरगाव चौपाटीवरची तेलमालिश तर सगळ्यांना माहीत आहे.

ऑस्टिओपॅथी मात्र अमेरिकेतली. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरची तीन मुलं 1864 मध्ये मेंदूज्वराने गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. हाडं, स्नायू आणि रक्ताभिसरण ठीक राहिलं की शरीर स्वतःच स्वतःला बरं करतं, अशी मांडणी त्याने 1874 मध्ये केली आणि 1892 मध्ये कर्क्सव्हिल गावी कॉलेज काढलं. आज अमेरिकेत या शाखेचे पदवीधर पूर्ण डॉक्टर असतात, औषधं देतात, ऑपरेशनही करतात. ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी 1993 चा वेगळा कायदा आहे आणि तिथे ते मुख्यतः हातांनीच उपचार करतात. म्हणजे पाटीवरचा शब्द एकच, पण अर्थ देशागणिक वेगळा.

या उपचाराच्या पद्धतीही बऱ्याच आहेत. पहिली, स्नायू दाबून, ताणून सैल करण्याची. आपल्या मालिशची ही शिकलेली बहीण. दुसरी 'मसल एनर्जी'. यात रोग्याने थेरपिस्टच्या हाताविरुद्ध काही सेकंद हलकेच जोर लावायचा, मग सैल सोडायचं. त्यानंतर सांधा थोडा पुढे जातो. तिसरी 'काउंटरस्ट्रेन'. जिथे दुखणं सगळ्यात कमी होतं त्या स्थितीत शरीर साधारण 90 सेकंद धरून ठेवायचं. चौथी कवटीला किंवा पोटाला अगदी हलका स्पर्श करण्याची. आपल्याकडे बेंबी सरकली म्हणून पोट चोळतात, त्याची आठवण यावी अशी. कवटीवरच्या उपचाराला भक्कम पुरावा नाही. कवटीची जी लय हाताला जाणवते म्हणतात, तिच्याबद्दल दोन तपासणाऱ्यांचंही एकमत होत नाही. आणि पाचवी म्हणजे झटका. अंतर थोडं, पण वेग जास्त.

'कट्' आवाज येतो तो या झटक्याने. पण तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे! सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला की आतला दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. पंपातलं कॅव्हिटेशन आठवतंय ना? त्याचाच हा भाऊबंद. म्हणून एकदा बोटं मोडली की तीच बोटं पुन्हा वाजायला वीसेक मिनिटं लागतात. कंबरदुखीत अशा उपचाराने काहींना आराम पडतो हे खरं, पण तो साधारण व्यायामाने पडतो तेवढाच.

आता थोडं गंभीर. माझ्या मामाची कंबर दुखत होती आणि पायाला मुंग्या येत होत्या. एका हाडवैद्याने काहीही न विचारता तीन झटके दिले. दुसऱ्या दिवशी मामाला पायाचा अंगठा वर उचलता येईना. एमआरआयमध्ये दिसलं की मणक्यातली गादी नसेवर दाबली गेली होती. ऑपरेशन झालं, तरी जिना चढताना त्याचा पाय आजही किंचित ओढला जातो. दुखणं आधीपासूनच होतं, त्यामुळे सगळा दोष झटक्यांचा असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण मुंग्या कुठे येतात, पायात जोर आहे का, हे दोन प्रश्न विचारायला दोन मिनिटंही लागली नसती.

मानेचं तर आणखी नाजूक. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर जातात. मान जोरात पिरगळली तर क्वचित त्यांचं आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी होते आणि तरुण माणसालाही पक्षाघात होऊ शकतो. सलूनवाल्या भाऊंना डोक्याची मालिश खुशाल करू द्या, पण मानेला हात घालायच्या आधी 'नको' म्हणा.

मग जायचं कुठे? दादरहून एकच स्टेशन, परळ! 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओने मुलं अपंग होत होती त्या काळात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम हॉस्पिटलमध्ये देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय सुरू झालं. सांधे हातांनी हलवायची कला फिजिओथेरपिस्टही शिकतात. मेटलंड नावाच्या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टने तर त्याच्या पायऱ्याच ठरवल्या. पहिल्या चार हळूहळू हलवण्याच्या आणि झटका अगदी शेवटच्या, पाचव्या पायरीवर. आपल्याकडे मात्र सुरुवातच पाचवीपासून!

तेव्हा मित्रांनो, हात कुणाचाही असो, आधी तीन गोष्टी विचारा. शिक्षण काय? नेमकं काय करणार? आणि करण्याआधी मला तपासणार का? हातपाय बधिर होत असतील, जोर कमी झाला असेल, लघवी-शौचावर ताबा राहत नसेल, दुखण्याबरोबर ताप असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर कुणाचाही हात लावून न घेता थेट हॉस्पिटल गाठा. बाकी साध्या अवघडलेल्या मानेला दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठणं हा इलाज पुष्कळदा पुरतो, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.