साडेतीनातले अर्धे

कळवण तालुक्यातील सप्तशृंगगड हे महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ मानले जाते. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठे. यातल्या ‘अर्ध्या’मुळे गडाचे माहात्म्य इतर तिन्ही ठिकाणांच्या निम्मे, असा समज सहज होतो. मूर्ती पाहिल्यावर तरी तो टिकू नये. कड्याच्या खडकात घडलेली, सुमारे आठ फूट उंचीची ही मूर्ती अठरा हातांची आहे. तिची मान किंचित कललेली असून एक हात कानाशी आहे. समोरच्या मार्कंडेय डोंगरावरून ऋषी म्हणत असलेले स्तवन ती ऐकते, असे भाविक मानतात.

साडेतीन ही मोजणी मराठीत फार जुनी आहे. तिचा जुना शब्द ‘औट’. तो संस्कृत ‘अर्धचतुर्थ’पासून प्राकृतातून आला आणि त्याचा अर्थ ‘ज्यातला चौथा अर्धा आहे ते’ असा होतो. म्हणजे मुळात हिशेब ‘तीन आणि वर थोडे’ असा नसून चौघांचा आहे, आणि त्यातला चौथा वेगळ्या मापाचा आहे. डॅनिश भाषेत सत्तर या संख्येचे नावही ‘अर्धा चौथा गुणिले वीस’ अशाच रीतीने बनले आहे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकीबरोबर औटकीही पाठ करून घेत. आज हा शब्द उरला आहे तो मुख्यतः ‘औट घटकेचा राजा’ या प्रयोगात. त्यातल्या ‘औट’चा इंग्रजी ‘आउट’शी काही संबंध नाही. घटका २४ मिनिटांची, तेव्हा या राजाचे राज्य ८४ मिनिटांचे.

अर्धा म्हणजे कमी, या समजाला सर्वांत चांगले उत्तर पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत सापडते. पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडील देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण. अर्धे नाना फडणवीस. पहिले तिघे मुत्सद्दी होते आणि तलवारही चालवत, नाना केवळ लेखणीचे, म्हणून ते अर्धे, असे त्याचे कारण सांगतात. विठ्ठल सुंदर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत मारला गेला. नानांनी पुढे १८०० साली मृत्यू येईपर्यंत, मधले काही खंड सोडले तर, मराठी राज्याचा कारभार हाकला. तिन्ही पूर्ण शहाण्यांची नावे आज आठवून सांगावी लागतात, अर्ध्याचे मात्र शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

साडेतीन मुहूर्तांतही हेच दिसते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे पूर्ण, तर बलिप्रतिपदा अर्धा, ही रूढ गणना. काही जण अक्षय्य तृतीयेला अर्धा मानतात. पण दिवाळीच्या पाडव्याला सराफाच्या दुकानातली गर्दी काही अर्धी नसते.

मराठीने आपल्या पंक्तीत न बसणाऱ्याला वगळले नाही, अर्ध्याचे पान वाढून पंक्तीतच बसवले.

सप्तशृंगीच्या अर्धेपणाचा धार्मिक उलगडा ओंकाराच्या मात्रांनी केला जातो. अकार, उकार, मकार या तीन मात्रा आणि त्यापलीकडे उच्चारात न पकडता येणारी अर्धमात्रा. दुर्गासप्तशतीच्या पहिल्या अध्यायात ब्रह्मदेव देवीची स्तुती करताना तिला अर्धमात्रा म्हणतो. महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती ही तिन्ही रूपे गडावर एकवटली आहेत, अशीही श्रद्धा आहे. या दृष्टीने अर्धे पीठ कनिष्ठ ठरत नाही, उलट तिन्हींना कवेत घेणारे ठरते.

साडेतीन पीठे ही एक्कावन्न शक्तिपीठांतूनच निवडलेली आहेत, हा आणखी एक घोळ. एक्कावन्नांची यादी सतीच्या अवयवांवर आधारलेली आहे आणि तिच्यात नाशिक परिसर ‘जनस्थान’ म्हणून, हनुवटीच्या नावाने येतो. साडेतीनाची मोजणी महाराष्ट्राची स्वतःची आहे.

सप्तशृंगीला ‘वणीची देवी’ म्हणतात, त्या नावाने होणारा गोंधळ अधिक व्यवहारी आहे. वणी गाव दिंडोरी तालुक्यात आहे. गड आणि पायथ्याचे नांदुरी कळवण तालुक्यात. घाटरस्ता नांदुरीहून चढतो. गडावरच्या गावातून मंदिरापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या आहेत आणि २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीचीही सोय आहे.