इंग्रजीच्या तासाला फणसवळे

दर जूनमध्ये कुणीतरी नवी शिक्षिका मला विचारते, "सर, नववी-दहावीला पुस्तकाबाहेरचं इंग्रजी काय वाचून घेऊ? एखादी यादी द्या ना." मी यादी देत नाही. म्हणतो, आधी हजेरीपट आणा.

रत्नागिरीतल्या एखाद्या वर्गाचा हजेरीपट नीट वाचला तर निम्मं काम तिथेच होतं. दोन मुलं मिरकरवाड्याची, घरी मासेमारी. एक मुलगी राजिवड्याची, घरात कोकणी बोलते, शाळेत मराठी. चार-पाच जण खेड्यातून एसटीने येणारे, ज्यांचे वडील मुंबईला असतात आणि गणपतीला दिसतात. बौद्धवाडीतली मुलं, कुणब्यांची, भंडाऱ्यांची, ब्राह्मण आळीतली. आणि आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी जोडप्याचा मुलगा, जो इंग्रजीत वर्गापेक्षा फार मागे नाही, कारण त्याला मराठीही तितकीच परकी आहे. एवढे सगळे एका खोलीत बसलेले असताना 'विविध साहित्य' म्हणून जगाचा नकाशा घेऊन बसायचं कशाला?

पाठ्यपुस्तकावर माझा राग नाही. बालभारतीची स्थापना १९६७ची, तेव्हापासून कितीतरी पिढ्या तिच्या पुस्तकांवरच इंग्रजी शिकल्या. दहावीच्या कुमारभारतीत टागोर भेटतात, रस्किन बाँडचा चोर भेटतो, शेक्सपिअरचं रंगमंचावरचं भाषण भेटतं. पण मुलांना निबंध लिहायला सांगा, की लगेच जॉन आणि मेरी सहलीला निघतात. चिमामांदा न्गोझी अदिची या नायजेरियन लेखिकेने २००९च्या एका भाषणात हेच सांगितलं आहे: लहानपणी ती गोष्टी लिहायची त्यात सगळे गोरे, निळ्या डोळ्यांचे, सफरचंद खाणारे. का, तर वाचलेल्या पुस्तकांत तसेच लोक होते. आमच्याकडे घरात आंब्याचा ढीग लागलेला असताना इंग्रजी निबंधात ॲपल येतं, ते याच वाटेने. तेव्हा निवडीची सुरुवात मी सगळ्यांत जवळच्या गावापासून करतो, आणि तेच सगळ्यांत अवघड असतं.

जवळचं गाव म्हणजे फणसवळे. लेखिका उर्मिला पवार तिथल्या. त्यांचं 'आयदान' हे आत्मकथन २००३मध्ये आलं, आणि माया पंडित यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 'द वीव्ह ऑफ माय लाइफ' २००८मध्ये. डोक्यावर ओझी घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला येणाऱ्या बायका त्यात आहेत, आणि वडील गेल्यावर बांबूच्या वस्तू विणून घर चालवणारी आई आहे. सबंध पुस्तक शाळेत होत नाही. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, त्यात हजेरी, त्यात गळणाऱ्या छत्र्या. म्हणून उतारा एका पानाचा घ्यायचा, तीनशे ते चारशे शब्द, आणि तो स्वतःत पुरा वाटला पाहिजे: कुणीतरी कुठून तरी निघावं आणि कुठे तरी पोचावं.

मग बोटांची परीक्षा. मुलाला पान वाचायला द्यायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ वळली तर उतारा जड आहे. सेमी-इंग्रजीच्या वर्गात मूठ अर्ध्या पानातच वळते. अशा वेळी बरेच शिक्षक सोपी केलेली आवृत्ती शोधतात. मला ते पटत नाही, सोपं करताना लेखिकेचा आवाजच जातो. त्यापेक्षा उतारा निम्मा करावा, आपण मोठ्याने वाचावा, आणि मराठी मूळ शेजारी ठेवावं. इंग्रजीच्या तासाला मराठी नको, हा नियम इथे खुशाल मोडायचा. मुलांच्या हातात मूळ असलं की ती अनुवादकाची परीक्षक होतात, आणि परीक्षक झालेलं मूल शब्दकोश आपणहून उघडतं.

आमच्या वर्गाचा एक सबंध तास 'आयदान' या एका शब्दावर गेला. आयदान म्हणजे बांबूच्या वस्तू: सूप, रोवळी, टोपली, हारा. इतरत्र हे काम बुरुडांचं, कोकणात महार समाजही ते करायचा. इंग्रजी शीर्षकात यातलं काय उरलं? विणण्याची क्रिया उरली, वस्तू गेली. एक मुलगा म्हणाला, "सर, बास्केट म्हटलं असतं तर?" दुसरी म्हणाली, "रोवळी बास्केट नाय, त्यात तांदूळ धुतात." भाषांतरावर याहून चांगला धडा मला कधी देता आलेला नाही.

त्याच उताऱ्यावर माझी एक चूकही झाली. वाचून झाल्यावर मी बौद्धवाडीतल्या मुलाकडे वळून विचारलं, "तुला काय वाटतं?" सगळा वर्ग त्याच्याकडे बघायला लागला. तो खाली बघत "काय नाय" म्हणाला आणि आठवडाभर मागच्या बाकावर बसला. पुस्तकातल्या माणसाचा प्रतिनिधी म्हणून वर्गातल्या मुलाला उभं करायचं नाही, हे तेव्हा कळलं. आता मी प्रश्न मजकुराला विचारतो: ही बाई हे कुणाला सांगते आहे, काय गाळते आहे, हसते कुठे? उत्तर ज्याला द्यायचं तो देतो.

'हसते कुठे' हा प्रश्न निवडतानाही विचारावा. एका समाजाचं वर्षात एकच पान वाचायचं आणि तेही फक्त अपमानाचं, तर बाकीच्यांच्या मनात त्या समाजाचा तेवढाच एक चेहरा राहतो. एनसीईआरटीच्या बारावीच्या 'व्हिस्टाज'मध्ये तमिळ लेखिका बामा यांचा उतारा आहे. गावातला एक वयस्क माणूस खाण्याचा पुडा दोऱ्याला धरून, अंगापासून लांब लोंबकळत नेतो, आणि ते बघून छोट्या बामाला हसू आवरत नाही. तो तसा का नेतो, हे तिला घरी मोठा भाऊ सांगतो. वाचणारी मुलंही आधी हसतात, मग गप्प होतात. याच पाठात तिच्या शेजारी झिटकाला-सा ही अमेरिकेतली मूलनिवासी लेखिका ठेवली आहे. शाळेत तिचे केस जबरदस्तीने कापले जातात. जोडी कशी लावावी याचा हा चांगला नमुना.

आमची जोडी थिबा राजाची. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८६मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१०मध्ये राजवाडा बांधून झाला आणि १९१६मध्ये राजा इथेच वारला. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' या २०००च्या कादंबरीत हा राजा दुर्बिणीतून बंदराकडे येणाऱ्या होड्या बघत बसतो. मिरकरवाड्याच्या पोरांना हे पान समजावून सांगावं लागत नाही. त्याला जोडून सुधा शहा यांच्या 'द किंग इन एक्झाइल'मधलं एक पान घ्यायचं. कादंबरीकाराने काय कल्पिलं आणि इतिहास लिहिणारीला कशाचा आधार घ्यावा लागला, हे दोन्ही पानं शेजारी ठेवल्यावर दिसतं. नंतर राजवाड्यावर चालत जायचं. सहलीचा खर्च शून्य.

पुस्तकं मिळवायची कुठून? १८२८पासूनचं नगर वाचनालय गावात आहे, तिथे आधी विचारावं. नेपाळी मुलासाठी मला प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळाचा उपयोग झाला. तिथे गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, फुकट छापता येतात आणि तीच गोष्ट अनेकदा नेपाळी, मराठी, उर्दू, इंग्रजीत सापडते. एनसीईआरटीची पुस्तकंही फुकट उतरवता येतात. दहावीच्या 'फर्स्ट फ्लाइट'मधला गोव्याच्या पाववाल्याचा पाठ कोकणातल्या मुलांना घरचाच वाटतो. झेरॉक्सची भीती मुख्याध्यापकांना असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तरी एका पानाच्या प्रती काढाव्यात, सबंध पुस्तकाच्या नव्हे.

व्हॉट्सॲपवर आलेलं मात्र तपासल्याशिवाय फळ्यावर जाऊ देऊ नये. 'हळूहळू मरायला लागता' अशा अर्थाची एक कविता पाब्लो नेरुदाच्या नावाने जगभर फिरते. ती ब्राझीलच्या मार्था मेदेइरोस या लेखिकेची आहे. वेगवेगळ्या देशांचे आवाज म्हणून आपण ती वाचायची आणि बाईचं लेखन बाप्याच्या नावावर खपवायचं, हा विनोदच झाला.

गेल्या वर्षी राजिवड्याच्या मुलीने विचारलं, "सर, आमच्याकडचं काय नाय का इंग्रजीत?" मी आठवडाभर शोधलं. एका पानाचं, तिच्या वर्गाला झेपेल असं माझ्या हाती काही लागलं नाही. मग तिला म्हटलं, तुझ्या नानीला विचारून ये, होडी वेळेवर आली नाही की ती काय करायची. तिने कोकणीत ऐकलं, मराठीत लिहून आणलं, आणि आम्ही दोन तासांत सगळ्यांनी मिळून त्याचं इंग्रजी केलं. 'नानी' शब्द तसाच ठेवायचा की ग्रँडमदर करायचं यावर मतदान झालं, नानी जिंकली. ते पान यंदाच्या नववीला दिलं आहे, थिबा राजाच्या दुर्बिणीच्या आधी. त्यात दोन ठिकाणी काळ चुकला आहे. यंदाची मुलं तो शोधतात का, बघतोय.