पॅनोरमा छायाचित्रातील दृश्यरचना : सुदेक व कौडेल्का यांच्या छायाचित्रणाच्या संदर्भात

गोषवारा : उंचीच्या दुपटीहून अधिक रुंदी असलेल्या छायाचित्रास सामान्यतः पॅनोरमा छायाचित्र असे संबोधले जाते. अशा चौकटीत पुष्कळ दृश्य मावते. परंतु मावणे म्हणजे रचना नव्हे. प्रस्तुत लेखात या चौकटीच्या रचनेची तत्त्वे योसेफ सुदेक व योसेफ कौडेल्का या दोन चेक छायाचित्रकारांच्या कार्याच्या आधारे स्पष्ट केली आहेत.

बीजसंज्ञा : पॅनोरमा, दृश्यरचना, क्षितिजरेषा, अग्रभूमी, निसर्गदृश्य.

प्रस्तावना

छायाचित्रणाच्या शोधानंतर अल्पावधीतच विस्तीर्ण दृश्य टिपण्याचे प्रयत्न सुरू झाले. १८४३ मध्ये ऑस्ट्रियात योसेफ पुखबर्गर याने फिरत्या भिंगाच्या कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. १८४५ मध्ये फ्रीडरिश फॉन मार्टेन्स याने पॅरिसमध्ये सुमारे १५० अंशांचे दृश्य एकाच पत्र्यावर घेणारा कॅमेरा तयार केला. भारतात फेलिचे बिआतो याने १८५८ मध्ये लखनौची विस्तीर्ण दृश्ये अनेक छायाचित्रे शेजारी शेजारी जोडून साकारली. आज हे जोडकाम मोबाइल फोन काही क्षणांत करतो. तंत्र सुलभ झाले, तरी रचनेचा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे.

चौकटीचे स्वरूप

नेहमीच्या ३:२ प्रमाणाच्या चौकटीत दृष्टी एका केंद्राकडे ओढली जाते. ३:१ प्रमाणाच्या चौकटीत दृष्टीला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रवास करावा लागतो. म्हणजेच हे छायाचित्र एका दृष्टिक्षेपात पाहिले जात नाही, ते वाचले जाते. म्हणून या वाचनाला क्रम, विराम आणि शेवट देणे हे रचनाकाराचे पहिले कार्य होय.

रचनेची तत्त्वे

(१) उभे घटक : झाड, खांब, मनोरा किंवा भिंतीची कड यांमुळे लांब पट्टीचे भाग पडतात. हे भाग समान असल्यास रचना कुंपणासारखी एकसुरी होते. अंतरे कमी-अधिक असल्यास लय निर्माण होते.

(२) अग्रभूमी : रुंद कोनातून दूरचे डोंगर बारीक रेघेएवढे उरतात. कड्यावरून घेतलेली अनेक छायाचित्रे निष्प्रभ ठरतात ती याच कारणाने. जवळचा खडक, पायवाट वा फांदी चौकटीत आल्यास अंतराचे मान कळते आणि खोली जाणवते.

(३) दोन्ही टोके : मध्यभागाची काळजी सर्वच घेतात; दुर्लक्ष होते ते टोकांकडे. टोकाशी दृष्टीला थोपवून आत वळवणारा घटक नसेल, तर चित्र संपत नाही, केवळ तुटते.

(४) क्षितिजरेषा : फिरत्या भिंगाचा कॅमेरा खाली झुकला तर क्षितिज मध्यभागी फुगते आणि वर झुकला तर मध्यभागी खचते. म्हणून पाणसळ वापरून कॅमेरा समतल ठेवणे आवश्यक असते. कॅमेरा न झुकवता क्षितिजाची चौकटीतील जागा बदलण्यासाठी उभे राहण्याची उंची बदलून फारसा लाभ होत नाही. त्यामुळे आकाश व जमीन यांतील रिकाम्या जागा कशाने भरतील, याचा विचार जागा निवडतानाच करावा लागतो.

(५) सरळ रेषांची वक्रता : फिरत्या भिंगाच्या कॅमेऱ्यापुढील सरळ भिंत मध्यभागी फुगल्यासारखी दिसते. याउलट कॅमेऱ्याभोवती वळणारा नदीकाठ जवळजवळ सरळ भासतो. स्थिर भिंगाच्या ६×१७ सेंमी. कॅमेऱ्यात रेषा सरळ राहतात. मात्र ९० मिमी. भिंगाने केवळ सुमारे ८६ अंशांचेच दृश्य मिळते आणि कडांना प्रकाश कमी पडतो.

(६) जोडचित्रे : लगतच्या छायाचित्रांत सुमारे एक-तृतीयांश भाग सामाईक असावा आणि सर्वांसाठी प्रकाशमान एकच ठेवावे. कॅमेरा स्वतःच्या तिपाईच्या स्क्रूभोवती न फिरवता, भिंगातील ज्या बिंदूतून किरण जाताना भासतात त्या बिंदूभोवती फिरवावा. अन्यथा जवळच्या वस्तू जोडावर फाटतात.

सुदेक यांचे प्राग

योसेफ सुदेक (१८९६–१९७६) यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. कोडॅकच्या जुन्या, फिरत्या भिंगाच्या पॅनोरमा कॅमेऱ्याने त्यांनी प्रागची सुमारे १०×३० सेंमी.ची छायाचित्रे घेतली. त्यांपैकी २८४ छायाचित्रे १९५९ च्या 'प्राहा पानोरामातित्स्का' या ग्रंथात प्रसिद्ध झाली. सुदेक निगेटिव्हच्या आकाराचेच संपर्कमुद्रण करीत. चित्र हाताच्या अंतरावर धरून सावकाश वाचावे, ही अपेक्षा त्या आकारातच अंतर्भूत आहे. हेच चित्र फोनच्या पडद्यावर बोटभर उंचीचे होते आणि वाचनच खुंटते. म्हणून अंतिम आकाराचा निर्णय हा रचनेचाच भाग मानला पाहिजे.

विस्ताराची साक्ष

१९५७ ते १९६२ या काळात सुदेक यांनी हाच आकार उत्तर बोहेमियातील मोस्त शहराच्या कोळसाखाणींच्या प्रदेशाकडे वळवला. ही छायाचित्रे 'स्मुत्ना क्रायिना', म्हणजे 'उदास भूमी', या नावाने १९९९ मध्ये ग्रंथरूपाने आली. पुढे कोळशासाठी जुने मोस्त शहर पाडण्यात आले. तेथील जुने चर्च १९७५ मध्ये रुळांवरून सुमारे ८४१ मीटर सरकवून वाचवले गेले. योसेफ कौडेल्का (जन्म १९३८) यांनी १९८६ पासून पॅनोरमा आकार स्वीकारला. क्रुश्ने होरी पर्वताच्या पायथ्याच्या याच उद्ध्वस्त पट्ट्यावरील त्यांचा 'ब्लॅक ट्रँगल' हा संग्रह १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे रुंद चौकटीचे खरे प्रयोजन उलगडते. अरुंद चौकट एका झाडापुरती किंवा एका खड्ड्यापुरती मर्यादित राहू शकते. तीत शेजार वगळता येतो. रुंद चौकटीत झाड, खड्डा आणि वस्ती एकाच जमिनीवर दिसतात आणि त्यांचा परस्परसंबंध लपत नाही. हानी किती पसरली आहे, हे सांगण्यासाठी पसरलेलाच आकार उपयोगी पडतो.

समारोप

पॅनोरमा चौकट सौंदर्य वाढवण्याचे साधन नसून संबंध दाखवण्याचे साधन आहे. ज्या दृश्याचा अर्थ शेजारावर अवलंबून नाही, त्याला ही चौकट केवळ रिकामी जागा देते. उलट, डाव्या टोकाशी जे आहे त्याचे उत्तर उजव्या टोकाशी सापडत असेल, तेथे दुसरी कोणतीही चौकट अपुरी ठरते. छायाचित्र घेण्यापूर्वी दोन्ही टोके झाकून पाहावीत. अर्थ उणावला नाही, तर रुंदी अनावश्यक समजावी.