बढती नसलेला हंगाम

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला 'बढती' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत, मग यादी आणि यादी लागली की बदलीचं गाव. पण परीक्षेला बसण्याआधीच साहेबांनी सांगितलं, 'तुम्ही पेपर लिहा, हवं तर पहिले या, पण यंदा तुमचा विचार होणार नाही,' तर किती जण पुस्तक उघडतील? १९९९ साली जपानच्या तिसऱ्या पायरीवरच्या फुटबॉल लीगमध्ये एक संघ याच अटीवर उतरला. योकोहामा एफसी हे त्याचं नाव. तो वर्षभर खेळला, नऊ संघांत पहिला आला आणि होता तिथेच राहिला.

खालच्या लीगच्या हकिगती सहसा कुणी सांगत नाही. ही सांगावीशी वाटते, कारण तिच्या मुळाशी एक हिशेबाचा प्रश्न आहे आणि माझा सगळा जन्म हिशेबात गेला. संघ असतो कोणाचा? पैसे भरणाऱ्याचा, की दर आठवड्याला त्याच्यासाठी घसा कोरडा करणाऱ्याचा?

योकोहामा हे टोकियोच्या शेजारचं बंदर. १९९३ च्या मे महिन्यात जपानमध्ये 'जे लीग' ही व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्या दहा क्लबांपैकी दोन या एका शहराचे होते. एक मारिनोस, निसान मोटर कंपनीच्या जुन्या संघातून निघालेला. दुसरा फ्लुगेल्स, ऑल निप्पॉन एअरवेज या विमान कंपनीच्या संघातून आलेला. 'फ्लुगेल' म्हणजे जर्मन भाषेत पंख. विमानवाल्यांना शोभेल असंच नाव. सातो कोग्यो ही बांधकाम कंपनी खर्चात भागीदार होती. लीगचे पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची यांचा आग्रह असा, की क्लबच्या नावात कंपनी नको, गाव हवं. गावाने संघाला आपलं म्हणायला हवं. त्याप्रमाणे पाट्या बदलल्या. तोटा भरून काढणारा चेक मात्र कंपनीच्याच टेबलावरून निघत राहिला. सगळी मेख इथे होती. भरभराटीच्या दिवसांत जाहिरातीच्या खात्यात सहज खपून जाणारी रक्कम मंदी आली की हिशेबनिसाच्या डोळ्यात पहिली खुपते.

मंदी आली, आणि कशी! नोव्हेंबर १९९७ मध्ये होक्काइदो ताकुशोकु ही मोठी बँक आणि यामाइची सिक्युरिटीज ही शंभर वर्षांची दलाली पेढी एकाच महिन्यात कोसळली. २३ ऑक्टोबर १९९८ रोजी लाँग टर्म क्रेडिट बँक ऑफ जपान सरकारला ताब्यात घ्यावी लागली. त्यानंतर सहाच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, योकोहामात बातमी फुटली: सातो कोग्यो अंग काढून घेत आहे, विमान कंपनीला एकटीला भार पेलवत नाही, म्हणून फ्लुगेल्स मारिनोसमध्ये विलीन होणार. निर्णय वरच्या मजल्यावर झालेला होता. खेळाडूंना किंवा पाठीराख्यांना आधी विचारण्याचा प्रश्नच आला नव्हता.

'विलीनीकरण' हा शब्द कागदावर फार सोज्वळ दिसतो. दोन नद्या मिळाव्यात तसा. ज्याची पाटी उतरते त्याला विचारा! एका विलीनीकरणानंतर आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक येत. ते पैसे भरण्याच्या स्लिपवर नव्या बँकेचं छापील नाव खोडून वर जुन्या बँकेचं नाव सुवाच्य अक्षरात लिहीत आणि मगच रक्कम भरत. काउंटरवरची मुलं हसत. रक्कम बरोबर असे, खातं बरोबर असे, मग हरकत काय घ्यायची? ताळेबंदात इमारती येतात, फर्निचर येतं, बुडीत कर्जं येतात. हे गुरुजी कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

योकोहामाचे गुरुजी हजारोंनी होते. त्यांनी सह्या गोळा केल्या, वर्गण्या काढल्या. कंपन्या बधल्या नाहीत. इकडे मैदानावर मात्र भलतंच काही घडत होतं. बातमी आल्यानंतर फ्लुगेल्स एकही सामना हरला नाही. लीगचे उरलेले सामने झाले आणि मग सम्राट करंडकाची स्पर्धा आली. ही जपानची सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. बाद पद्धतीची, आणि अंतिम सामना तेव्हा १ जानेवारीला टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर होत असे. हरलो की बाहेर, हा नियम सर्वांनाच होता. पण यांच्यासाठी हरणं म्हणजे क्लबच संपणं. प्रशिक्षक कार्लेस रेक्झाक वर्षाच्या मध्यातच गेले होते, त्यांच्या जागी गेर्ट एंगेल्स होते. त्या वर्षी लीगमध्ये अव्वल ठरलेले दोन्ही संघ, ज्युबिलो इवाता आणि काशिमा अँटलर्स, यांनी एकापाठोपाठ एक हरवले. १ जानेवारी १९९९ रोजी शिमिझु एस-पल्सवर २-१ असा विजय मिळवून करंडक उचलला, आणि क्लब मिटला. कादंबरीत मी असा शेवट लिहिला असता तर संपादकांनी 'फार जुळवून आणलेलं वाटतं' म्हणून परत पाठवला असता.

खेळाडू पांगले. गोलरक्षक नाराझाकी नागोयाला गेला, अठरा-एकोणीस वर्षांचा यासुहितो एंदो क्योतोला. हाच एंदो पुढे जपानसाठी सर्वाधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळला. ब्राझीलचा सीझर साम्पायो मायदेशी परतला. काही जण मारिनोसमध्ये गेले. मारिनोसच्या नावात आता 'एफ' हे एक अक्षर आलं: योकोहामा एफ. मारिनोस. फ्लुगेल्सची आठवण म्हणून. त्या अक्षरापुढे एक टिंबही होतं. पाठीराख्यांनी हे अक्षर घेऊन गप्प बसावं अशी अपेक्षा असावी.

ते बसले नाहीत. 'फुरिए' हे फ्लुगेल्सचं लाडाचं, जपानी उच्चारातलं नाव. त्याच नावाने त्यांनी योकोहामा फुरिए स्पोर्ट्स क्लब ही संस्था काढली, आणि तिचा संघ म्हणजे योकोहामा एफसी. नमुना समोर ठेवला बार्सिलोनाचा, जिथे सभासद वर्गणी भरतात आणि क्लब त्यांचाच असतो. स्पॅनिश भाषेत सभासदाला 'सोशिओ' म्हणतात, तो शब्दही उचलला. आयएमजी ही खेळाडूंचं व्यवस्थापन पाहणारी कंपनी मदतीला आली. चाहत्यांनी उभारलेला आणि चालवलेला जपानमधला हा पहिला व्यावसायिक संघ. बोधचिन्हात पक्षी घेतला तो फिनिक्स, राखेतून उठणारा.

प्रमुख म्हणून आले यासुहिको ओकुदेरा. युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळलेला हा पहिला जपानी. १९७७ साली जर्मनीच्या कोलोन संघात गेला आणि पहिल्याच हंगामात लीगविजेता झाला. प्रशिक्षक म्हणून आले पिएर लिटबार्स्की, ओकुदेरांचे कोलोनमधले जुने सहकारी आणि १९९० च्या विश्वविजेत्या जर्मन संघातले. विश्वचषक उंचावलेला माणूस तिसऱ्या पायरीवर वर्गणीतून उभ्या राहिलेल्या संघाला शिकवायला येतो, यातलं धाडस त्याचं की वर्गणीदारांचं, हे ठरवणं कठीण आहे.

संस्थापकांनी थेट जे लीगमध्ये जागा मागितली होती. जपानच्या फुटबॉल संघटनेने ती दिली नाही. जागा मिळाली जे.एफ.एल. मध्ये, म्हणजे नव्याने आखलेल्या तिसऱ्या पायरीवर, तीही सहयोगी सभासद म्हणून. अट वर सांगितलीच आहे. बँकेच्या भाषेत यांना सस्पेन्स खात्यात टाकलं: रक्कम आली आहे, नाकारता येत नाही, पण कुठे जमा करायची ते अजून ठरलेलं नाही.

आता त्या लीगमधले बाकीचे आठ पाहा. होंडा, हामामात्सुचा. डेन्सो, मोटारींचे सुटे भाग बनवणारा. जात्को, गिअरबॉक्सवाला. सोनी सेंदाई. योकोगावा इलेक्ट्रिक. ओत्सुका ही औषध कंपनी. कोकुशिकान हे विद्यापीठ. आणि मितो हॉलिहॉक हा एका जुन्या शहराचा क्लब. म्हणजे सहा संघ सरळसरळ कंपन्यांचे. त्यांतले बहुतेक खेळाडू कंपनीच्या पगारपत्रकावर. कामाचे तास सांभाळून सराव करणारे. मुंबईच्या वाचकाला हे जग नवं नाही. आमच्याकडेही बँका, रेल्वे आणि गिरण्या क्रिकेटपटू, कबड्डीपटू नेमत. सकाळी मस्टरवर सही, दुपारी मैदान. माझ्या शेजारच्या टेबलावर दोन वर्षं एक उत्तम चढाईपटू बसत असे आणि त्याची लेजरं आम्ही वाटून घेत असू. तक्रार कुणाचीच नव्हती.

अशा लीगमध्ये एक संघ असा, की ज्याच्यामागे कंपनी नाही, कारखाना नाही, फक्त माणसं आहेत. आणि ती माणसं कंपन्यांनी दुखावलेली! संघांची संख्या विषम, त्यामुळे दर फेरीत एकाला सुट्टी. प्रतिस्पर्धी पाट्यांवर मोटारी आणि औषधं. जिंकून वर जाण्याची शक्यता शून्य. जपानी व्यावसायिक फुटबॉलचा झगमगाट दोन मजले वर, आणि ज्या शहरात २००२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना व्हायचा होता, ते सत्तर हजारांचं नवंकोरं स्टेडियमही त्याच योकोहामात. फुरिएवाल्यांच्या मनातलं घर मात्र मित्सुझावाचं जुनं, लहान मैदान, जिथे १९६४ च्या ऑलिंपिकचं फुटबॉल झालं होतं.

तरीही संघ पहिला आला. तिसऱ्या क्रमांकाच्या मितोला बढती मिळाली, तो दुसऱ्या श्रेणीत गेला. पहिल्याने टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या वर्षीची वर्गणी गोळा करायला घेतली. २००० साली संघांची संख्या वाढून बारा झाली. योकोहामा एफसी पुन्हा पहिला आला, आणि आता कुठे दार उघडलं; २००१ पासून तो दुसऱ्या श्रेणीत खेळू लागला. मला या दोन विजेतेपदांपैकी पहिलं मोठं वाटतं. दुसऱ्याचा मोबदला मिळाला, तो योग्यच होता. पहिल्या वर्षी त्यांना एवढंच सिद्ध करायचं होतं, की पाटी उतरवली म्हणून आम्ही संपलो नाही. त्यासाठी दर आठवड्याला मैदानावर अकरा जण हजर असणं पुरेसं होतं. जिंकणं ही वरकमाई.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण ती अपुरी राहील. सभासदांचा क्लब सभासदांचा राहिला नाही. कागदोपत्री ती कंपनी होती. माणसं वर्गणी भरत, पण वर्गणी म्हणजे भाग नव्हे, आणि भाग नसेल तर मत नसतं. सहकारात वाढलेल्या मराठी माणसाला हा फरक कुणी शिकवायला नको. पैसा आणि अधिकार यांवरून बेबनाव झाला, सोशिओची मूळ योजना मोडीत निघाली. पुढे क्लबची सूत्रं खानपान व्यवसायातल्या ओनोदेरा समूहाकडे गेली. कंपनीने मोडलेल्यातून उभं राहिलेलं शेवटी कंपनीकडेच! कुणी याला पराभव म्हणेल. मी म्हणणार नाही. दर महिन्याच्या पगाराला रोकड लागते आणि निष्ठा चेकवर लिहिता येत नाही. मात्र संस्थापकांनी पहिल्या दिवशीच एक चांगला वकील आणि एक चिकट ऑडिटर बसवायला हवा होता, हे माझं मत कायम आहे.

आपल्याकडे दोन्ही तऱ्हा आहेत. कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम शाहू स्टेडियमवर समोरासमोर आल्या की संघ कोणाचा हे विचारावं लागत नाही, तो पेठेचा. आणि २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये कंपनीने बंद केला, तेव्हा मुंबईत दुसरा क्लब काढायला कुणी वर्गणी मागत फिरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

त्या १९९९ च्या लीगमधल्या सोबत्यांचं काय झालं? जात्कोचा संघ २००३ मध्ये विसर्जित झाला. डेन्सोचा संघ कंपनीपासून सुटून कारिया शहराचा झाला. ओत्सुकाचा तोकुशिमा व्होर्टिस झाला. सोनी सेंदाई २०२४ च्या हंगामानंतर थांबला. मितो तब्बल सव्वीस हंगाम दुसऱ्या श्रेणीत राहिला आणि २०२५ मध्ये ती जिंकून पहिल्यांदाच सर्वोच्च श्रेणीला पात्र ठरला. सातो कोग्यो, जिच्या माघारीने हे सगळं सुरू झालं, ती २००२ मध्ये स्वतःच दिवाळखोरीत गेली. जे लीगनेही धडा घेतला: २०१३ च्या हंगामापासून क्लबांना परवाना लागतो, आणि सलग तीन वर्षं तोटा किंवा देणी मालमत्तेपेक्षा जास्त, असं दिसलं की तो अडकू शकतो. निदान ताळेबंद वाचण्याची सवय लागली.

योकोहामा एफसी २००७ साली पहिल्यांदा सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. सगळं वर्ष मार खाल्ला. चौतीस सामन्यांत चारच विजय, आणि तळाचा क्रमांक. शेवटच्या दिवशी, १ डिसेंबरला, उरावा रेड्सला विजेतेपदासाठी यांना फक्त हरवायचं होतं. चाळीस वर्षांच्या काझुयोशी मिउराने चेंडू दिला, नेमोतोने गोल केला, उरावा ०-१ हरले आणि विजेतेपद काशिमाकडे गेलं. देशभर गाजला तो हाच सामना. मला स्वतःला त्या चारांतला पहिला विजय जास्त आवडतो. तो १० मार्चचा, मित्सुझावाच्या त्याच जुन्या मैदानावरचा. समोर होता योकोहामा एफ. मारिनोस. निकाल १-०.