पश्चिम दिशा : सिगालोवाद सुत्तातील पती-पत्नीधर्म

दीघनिकायाच्या पाथिकवग्गातील ‘सिगालोवाद सुत्त’ हे गृहस्थांच्या आचारधर्माचे सुत्त म्हणून प्रसिद्ध आहे. आचार्य बुद्धघोषांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात आपल्या ‘सुमंगलविलासिनी’ या अट्ठकथेत त्याला ‘गिहिविनय’ असे नाव दिले आहे. आपल्याकडील बौद्ध विवाहविधीत वधूवरांकडून ज्या प्रतिज्ञा वदवून घेतल्या जातात, त्यांचा मूळ आधारही हेच सुत्त होय. त्यामुळे पती व पत्नी यांची पाच-पाच कर्तव्ये आपल्या उपासक-उपासिकांच्या कानांवरून अनेकदा गेलेली असतात. तथापि मूळ पाली शब्दांकडे बारकाईने पाहिले असता त्यांतून कुटुंबाविषयीचा जो विचार प्रकट होतो, तो आपल्या नित्याच्या समजुतीपेक्षा बराच वेगळा आहे. त्याचाच येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

सुत्ताचा प्रसंग परिचित आहे. राजगृहातील सिगालक नावाचा गृहपतिपुत्र भल्या पहाटे ओलेत्याने हात जोडून सहा दिशांना नमस्कार करीत असतो. पित्याने मृत्युसमयी तसे करण्यास सांगितले होते, एवढेच त्याला ठाऊक असते. तथागतांनी पित्याच्या वचनाचा उपहास केला नाही. त्यांनी त्या वचनाचा अर्थच बदलून टाकला. माता-पिता ही पूर्व दिशा, आचार्य ही दक्षिण, पत्नी व मुले ही पश्चिम, मित्र व सहकारी ही उत्तर, दास व कामकरी ही खालची दिशा आणि श्रमण-ब्राह्मण ही वरची दिशा, असे त्यांनी सांगितले. आकाशाकडे जोडलेले हात अशा रीतीने माणसांकडे वळविण्यात आले.

येथे व्याकरणाचा एक लहानसा मुद्दा ध्यानात घेणे अगत्याचे आहे. प्रत्येक दिशेच्या संदर्भात सुत्तात दोन क्रियापदे येतात. जो मध्यभागी उभा आहे त्याने त्या दिशेची सेवा करावयाची असते. तेथे शब्द येतो ‘पच्चुपट्ठातब्बा’, म्हणजे जिची सेवा केली पाहिजे अशी. सेवा स्वीकारणारी दिशा उलट त्याच्यावर अनुकंपा करते. तेथे शब्द येतो ‘अनुकम्पति’. पुत्राने माता-पित्यांची सेवा करावी व त्यांनी पुत्रावर अनुकंपा करावी. शिष्याने आचार्यांची सेवा करावी व आचार्यांनी शिष्यावर अनुकंपा करावी, हे कोणालाही पटण्यासारखे आहे. परंतु पश्चिम दिशेपाशी आल्यावर सेवा करणारा आहे पती, आणि अनुकंपा करणारी आहे पत्नी! माता-पिता व आचार्य यांना वाक्यरचनेत जे स्थान, तेच स्थान येथे पत्नीला दिलेले आहे. खालच्या दिशेच्या बाबतीतही असेच घडते. तेथे सेवा करणारा आहे धनी, आणि अनुकंपा करणारे आहेत कामकरी. समाजाने ज्यांच्या हाती सत्ता दिली, त्यांनाच प्रथम कर्तव्य सांगितले गेले, ही गोष्ट लक्षणीय होय.

आता पतीची पाच कर्तव्ये पाहू. पत्नीचा सन्मान करणे, तिची अवमानना न करणे, तिच्याशी प्रतारणा न करणे, ‘इस्सरियवोस्सग्ग’ आणि अलंकार देणे, अशी ती आहेत. यांपैकी चौथ्या शब्दापाशी आपण थांबले पाहिजे. ‘इस्सरिय’ म्हणजे संस्कृत ऐश्वर्य. मराठीत ऐश्वर्य म्हटले की धनदौलत डोळ्यांपुढे येते आणि पत्नीला वैभवात ठेवणे असा अर्थ लावण्याचा मोह होतो. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ ईश्वरत्व, म्हणजे स्वामित्व, अधिकार असा आहे. ‘वोस्सग्ग’ म्हणजे सोडून देणे, सुपूर्द करणे. तेव्हा पतीने आपल्या हातातील अधिकार सोडून तो पत्नीच्या स्वाधीन करणे, असा या कर्तव्याचा अर्थ होतो. अलंकारांचा उल्लेख त्यानंतर स्वतंत्रपणे येतो, हेही विसरता कामा नये. दागिने दिले म्हणजे अधिकार दिला असे होत नाही.

हा अधिकार कशावरचा? अट्ठकथाकारांनी त्याचे उत्तर स्वयंपाकघरात शोधले आहे. मौल्यवान आभूषणे मिळूनही अन्नाची व्यवस्था पाहावयास न मिळाल्यास स्त्रिया रागावतात. म्हणून पळी हाती देऊन ‘तुझ्या इच्छेप्रमाणे कर’ असे सांगितले म्हणजे सर्व अधिकार दिला असे होते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. अट्ठकथांचे ऋण आम्ही जाणतो. त्यांच्यावाचून पालीतील कित्येक शब्द आम्हांला उलगडले नसते. परंतु येथे मूळ शब्द विशाल आहे व त्याचे भाष्य पळीएवढे आहे, असे म्हणणे भाग आहे. सुत्तात स्वयंपाकघराची मर्यादा घातलेली नाही. उलट पत्नीच्या पाच कर्तव्यांत कामांची नीट व्यवस्था लावणे, परिजनांना सांभाळून घेणे आणि मिळविलेल्या धनाचे रक्षण करणे यांचा समावेश आहे. हे सर्व अधिकारावाचून कसे व्हावे? अनतिचार मात्र दोघांनाही समान सांगितला आहे.

सुत्तपिटकातील सर्वच वचने या एका सुरात आहेत असे मात्र नाही. अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातात अनाथपिंडिकाची सून सुजाता हिला सात प्रकारच्या पत्नी सांगितल्या आहेत. त्यांतील चार प्रशंसनीय प्रकारांत मातेसारखी, भगिनीसारखी व सखीसारखी यांच्याबरोबर दासीसारखी पत्नीही येते, आणि सुजाता स्वतःसाठी तीच निवडते. आजच्या वाचकाला हे खटकते. ते खटकले पाहिजे. जे विवेकाला धरून आहे आणि मानवाच्या कल्याणाचे आहे तेच बुद्धवचन मानावे, ही कसोटी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दिली आहे. ‘पत्नी ही पतीची मैत्रीण व समान असावी’ या आशयाचा उपदेश त्यांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत केला होता. त्या चार प्रकारांतील कोणता स्वीकारावा, याचे उत्तर आपल्याला तेथे मिळते.

या उत्तराला पिटकातही भक्कम आधार आहे. भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे नकुलपिता हा गृहपती अत्यवस्थ झाला, तेव्हा नकुलमातेने त्याला धीर दिला. आपण कापूस कातण्यात व लोकर विंचरण्यात कुशल आहोत, मुलांचे पालनपोषण करू शकू, घर सांभाळू शकू, शील पाळू, धम्मात आपली श्रद्धा दृढ आहे. तेव्हा चिंता ठेवून प्राण सोडू नये, असे तिने सांगितले. नकुलपिता बरा होऊन काठी टेकत तथागतांकडे गेला. तेव्हा तथागतांनी त्याला सांगितले की, नकुलमातेसारखी अनुकंपा करणारी, हित चिंतणारी, उपदेश करणारी व मार्गदर्शन करणारी पत्नी लाभणे हा त्याचा मोठा लाभ आहे. अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातातील या सुत्तात तिच्यासाठी ‘अनुकम्पिका’, ‘ओवादिका’ व ‘अनुसासिका’ हे शब्द येतात. सिगालोवादातील ‘अनुकम्पति’ या क्रियापदाचे चालतेबोलते रूपच ते होय. ज्या पत्नीला पती आपली उपदेशिका मानतो, तिच्या हाती केवळ पळी असणार नाही, हे उघड आहे.

हा केवळ शब्दार्थाचा वाद नव्हे. आपल्या घरी पगार कोठे खर्च व्हावा, मुलीने पुढे काय शिकावे, घर वा जमीन कोणाच्या नावे असावी, कर्ज काढावे की नाही, हे ठरविताना गृहिणीला विचारले जाते काय? विहाराच्या व्यवस्थापनात उपासिकांना निर्णयाचा अधिकार असतो, की खीर व भोजनदानाची जबाबदारी तेवढी त्यांच्याकडे असते? हिंदू कोड बिल रखडल्यामुळे बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा त्याग केला. त्यांच्या अनुयायांच्या घरात सत्ता मात्र एकाच हाती राहावी, यासारखी दुसरी विसंगती नाही.

विवाहविधी चालविणाऱ्या बौद्धाचार्यांना आमची एक सूचना आहे. प्रतिज्ञा वदवून घेताना चौथ्या कर्तव्याचा अर्थ वरास स्पष्ट शब्दांत समजावून द्यावा आणि मगच त्याच्याकडून ती उच्चारून घ्यावी. अर्थ न कळता केलेला उच्चार आणि सिगालकाचा सहा दिशांना केलेला नमस्कार, यांत फारसा भेद नाही.