दमल्यावर नेम का ढळतो?

नेमबाजी शिकणाऱ्या मुलींची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. पहिले 40 शॉट छान जातात, मग सगळं विस्कटतं. मुलगी म्हणते, माझं लक्ष लागत नाही. आम्हाला वाटतं, बहुतेक वेळा लक्ष नव्हे, कोपर हललेलं असतं.

10 मीटर एअर रायफलमध्ये पूर्वी मुलींना 40 शॉट असत. 2018 पासून मुलांइतकेच 60 झाले, वेळ 75 मिनिटं. रायफल 5.5 किलोपर्यंत जड आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर! हे वजन दंडाने पेलायचंच नसतं. उजव्या हाताने नेम धरणारीचं डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकतं, वजन हाडांवरून पायात उतरतं. कळशी कडेवर घेतो, तसंच. दमल्यावर कोपर हाडावरून सरकतं, खांदा वर चढतो, मान पुढे येते. मग स्नायू ओझं उचलतात आणि थरथरतात.

अशा वेळी काय करायचं? रायफल खाली घ्या, स्टँडवर टेकवा. पावलं पुन्हा नीट मांडा. रायफल उचलून नेम धरा, डोळे मिटा, एक श्वास सोडा, डोळे उघडा. नेम बाजूला गेला असेल तर हाताने ओढून आणू नका, पाऊल किंचित सरकवा. आणि नेम धरून सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही, तर सोडून द्या. दमलेली मुलगी नेमकं उलटं करते, 'आता मारूनच टाकते' म्हणते. तिथेच गुण जातात.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात आधी गुडघ्यावर, मग पालथं झोपून आणि सर्वांत शेवटी उभं राहून मारायचं असतं. म्हणजे अवघड काम थकल्यावरच येतं.

सरावातही कंबर दुखू लागली की थांबा. उभं राहताना पाठ मागे झुकते, भार तिथेच येतो. दुखत असताना मारलेले वीस शॉट चुकीची सवय लावतात.

आणि घरच्यांनो, स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुलीला पाण्याच्या घागरी आणायला लावू नका. भाऊ आहे की घरात!